थर्माकोलचा चौथरा

आमच्या केशोरीच्या महिला पतसंस्थेत प्रिंटर आला, तेव्हा त्याच्यासोबत एक करारही आला. वर्षभराच्या देखभालीचा. मशीन बिघडलं तर गोंदियाहून माणूस येणार, त्याला जमलं नाही तर नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाठवायचं, आणि ते दुरुस्त होऊन परत येणार. मागच्या पानावर डोळे फोडून वाचावं लागेल अशा बारीक अक्षरात अटी होत्या. त्यातली एक अशी, की मशीन पाठवायचं तर ते ज्या खोक्यातून आलं त्याच खोक्यात, त्याच्याच थर्माकोलमध्ये बसवून पाठवायचं. नाहीतर वाटेत फुटलं-तुटलं तर कंपनी कानावर हात ठेवणार. ही अट मी वाचली होती. संस्थेची लिपिक मीच, वाचणार दुसरं कोण? वाचली, आणि त्याच आठवड्यात ते थर्माकोल उचलून घरी नेलं. आज तशी वेळ आली तर आजही नेईन.

कारण घरी माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. घरात मी यांना 'रचनाचे बाबा' म्हणते, पण इथं सरळ देवीदास म्हणते, म्हणजे गोंधळ नको. देवीदास गवंडी. केशोरीतल्या निम्म्या पक्क्या घरांचे पाये त्यांच्या हातचे. आमच्या विहाराची पायरीन् पायरी त्यांनी बांधली, तीही मजुरी न घेता. २००७ च्या दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधारानं परत आला, बोलणंही परत आलं. हात आला नाही. भेटायला येणारे "होते बरं, होते" म्हणत चहा पिऊन जात, आणि तेवढा वेळ देवीदास त्या हातावर गमछा टाकून बसत. पुढे पुढे कोणी नसलं तरी गमछा तिथंच. मुलगी रचना गोंदियाला होस्टेलवर शिकायला. घरात आम्ही दोघंच आणि तो गमछा.

म्हणून थर्माकोल आणलं. काही मोठा विचार नव्हता. हातात काहीतरी द्यावं एवढंच. चार दिवस त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी मनात म्हटलं, नीला, चोरी केलीस आणि तीही वाया गेली. मग एक दिवस जेवायच्या सुटीत घरी आले तर सगळ्या घरभर पांढरे दाणे. माझ्या लुगड्याला चिकटले, भाजीत उडाले, मांजराच्या मिशांना लागले. मधोमध देवीदास बसलेले. उजवा हात वजनासारखा थर्माकोलवर ठेवलेला, आणि डाव्या हातात हॅक्सॉचं जुनं पातं.

"कायले वाकून पाहून राहिली?" ते म्हणाले. "उजेड अडवू नको."

त्या दिवशी मी कचऱ्यावरून एक शब्द बोलले नाही. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यातली किंमत कळेल.

त्यांनी दीक्षाभूमीचा स्तूप केला. प्रिंटर दोन्ही बाजूंनी ज्यात बसतो ते थर्माकोलचे दोन जाड साचे एकमेकांना जोडून चौथरा केला. त्याच्या चारी अंगांना कमानी कोरल्या, कमानींवर जाळी कोरली. वरचा घुमट यादोरावमामांच्या टीव्हीच्या थर्माकोलचा. यादोरावमामा म्हणजे आमच्या विहाराचं सगळं बघणारे म्हातारे गृहस्थ, वयानं आणि जिभेनं सगळ्यांत वडील. चौदा एप्रिलला ट्रॅक्टरवर झाकी निघाली आणि सगळ्यांच्या पुढे हा स्तूप. बायका हात लावून बघत होत्या की खरंच थर्माकोल आहे की चुना दिलेली वीट. मामांनी ट्रॅक्टर थांबवला आणि भर चौकात विचारलं, "देवीदास, हात गेला म्हणत होते तुहा. मंग हे कोणाच्या हातानं केलं बाप्पा?"

देवीदास हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवसापासून गमछा खुंटीवर गेला. स्तूप विहारात ठेवला, आणि रोज संध्याकाळी काठी टेकत ते तिकडं जायला लागले. म्हणायचे, धूळ पुसून येतो. तिथं चार माणसं बसलेली असायची. कुठं भिंत तिरपी गेली, कोणाच्या स्लॅबला गळती लागली, हे विचारायला लोक त्यांच्याकडे यायला लागले. माझ्या घरातला माणूस मला परत मिळाला. हे असं उघड लिहिताना मला संकोच नाही.

आणि मग जानेवारीत प्रिंटर बिघडला.

बिघडला तोही नेमका धानाचे पैसे यायच्या दिवसांत. सगळ्या बायका पासबुकं घेऊन दारात. मशीनचं डोकं एका कोपऱ्यात जाऊन अडायचं आणि नुसतं खरखरत राहायचं. आमच्या अध्यक्ष नंदाबाई भोळ्या. त्यांनी एकदा वरून थोपटूनही पाहिलं, तापलेल्या लेकराला थोपटतात तसं. शेवटी मी गोंदियाला फोन केला आणि लोकेश आला.

लोकेश म्हणजे करारातला तो माणूस. पोरगेलासा, पण कामात पक्का. गोंदियाचा असल्यामुळं त्याची मराठी हिंदीतून जाऊन यायची. त्यानं मशीन उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

"कार्ड गेलं मॅडम. इथं नाही होणार. नागपूर भेजना पडेगा. करार या महिन्याअखेर संपून राहिला ना? त्याच्या आत पाठवा, नाही तर नवीन कार्ड तुमच्या खर्चानं. खोकं काढा."

खोकं मी काढलं. त्यात जुनी व्हाउचरं भरून ठेवली होती, ती रिकामी केली.

"थर्माकोल?"

"तणस भरून देते," मी म्हटलं.

आमच्याकडे धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, काय जात नाही? अंडी जातात, आंबे जातात, काचेच्या बांगड्या जातात. माझ्या सासूबाईंनी एकदा कंदिलाची काच तणसात घालून बैलगाडीतून थेट माहेरापर्यंत नेली होती. पण लोकेशनं कपाळाला हात लावला.

"मॅडम, तणसाचं नावच काढू नका. मागच्या साली एका संस्थेनं असंच भरून पाठवलं. तणसातलं उरलंसुरलं धान मशीनच्या चाकांत. धानामागं मुंग्या. नागपूरला उघडलं तर आत मुंग्यांची वसाहत. कंपनीनं लिहून दिलं, करारात बसत नाही. बात खतम."

"मग रद्दी?"

"जड मशीन आहे. रद्दी दबते, मशीन आत नाचते. ओरिजिनल थर्माकोलच पाहिजे. कुठं गेलं तुमचं?"

आता याला काय सांगू, कुठं गेलं? मी त्यालाच झापलं. म्हटलं, कंपनीनं मशीन धड केलं असतं तर खोकी जपायची पाळी आमच्यावर आली नसती. लोक काय जन्मभर खोकी सांभाळत बसणार? वड्याचं तेल वांग्यावर काढलं, पण लोकेशला सवय होती. तो खाली मान घालून मशीन पाठवण्यासाठी तयार करायला लागला. रिबन काढली. कागद ओढणारी पट्टी काढली. बाजूची गोल मूठ काढली, केबल काढली. मशीनचं डोकं हलू नये म्हणून त्याला चिकटपट्टीनं बांधलं. काढलेलं सगळं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

"हे इथंच ठेवा. मशीनसोबत जे जास्तीचं जाते ते वापस येत नाही. दुरुस्त झालेलं मशीन वापस येते, बाकी कशाची गॅरंटी नाही."

"आणि खोकं?"

"खोकंपण कोणाचं कोणाला जाते मॅडम. सौ-सौ मशीन राहते तिथं. उद्या सकाळी मी केशोरीतूनच निघतो, तेव्हापर्यंत बघा काही होते का."

त्या संध्याकाळी घरी मी काही बोलले नाही. भाकरी थापली, भाजी केली, जेवायला वाढलं. माझा राग बाहेर पडला नाही की देवीदासांना लगेच कळतं, की काहीतरी मोठं आहे. पण त्यांना आधीच कळलं होतं. केशोरीत पतसंस्थेचं मशीन बंद पडलं ही काय लपणारी गोष्ट आहे?

"थर्माकोल पायजे ना तुले?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तो पोरगा नंदाबाईकडे उतरला आहे. त्यानं सांगितलं." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मले काऊन नाही सांगितलं?"

"कायले सांगू? तो स्तूप आहे आता. मी नाही मागणार. मशीन गेलं खड्ड्यात."

"खड्ड्यात जाऊन कसं जमन? बायाइचं काम आहे." आणि पुन्हा जेवायला लागले.

सकाळी मी उठायच्या आत ते विहारातून आलेसुद्धा. यादोरावमामा सोबत होते. मामांच्या डोक्यावर धुतलेल्या चादरीत बांधलेला चौथरा. देवीदासांनी तो अंगणात खाटेवर ठेवला, जोडाच्या फटीत पातं घातलं आणि हलक्या हातानं दोन्ही साचे वेगळे केले. मी वाकून साच्यांच्या आत पाहिलं. बाहेरून एवढ्या कमानी, एवढी जाळी, आणि आतली बाजू जशीच्या तशी. मशीन जिथं बसतं तो खड्डा, त्याच्या पायांच्या खाचा, कुठंही पातं लागलेलं नव्हतं.

"मशीनची जागा ठेवली होती मी," ते म्हणाले. "तुह्या संस्थेचं काही खरं नाही. एक दिवस मागतील, हे माहीत होतं मले."

पतसंस्थेत मशीन त्या साच्यात बसवलं तेव्हा बारीक आवाज करून ते नीट टेकलं. लोकेश कमानींकडे बघत राहिला. देवीदास एखाद्या मजुराला सांगावं तसं त्याला सांगत होते, कोपऱ्यावर दाब देऊ नको, दोरी मधून ने. खोकं बंद करायच्या आत मी मार्कर घेतला आणि साच्याच्या आतल्या बाजूला मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की हे थर्माकोल केशोरीला परत पाठवा. लोकेश म्हणाला, "मी पण बोलून ठेवतो मॅडम." त्यानं खोकं मोटारसायकलच्या मागं बांधलं आणि तो गेला. देवीदास रस्त्याच्या वळणापर्यंत बघत उभे होते. मीही.

मधले दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. ते रोज विहारात जात. नुसता घुमट खाली ठेवणं यादोरावमामांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी एक प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्यावर पांढरं कापड घातलं आणि घुमट वर ठेवला. देवीदास म्हणायचे, "स्टुलावरचा स्तूप पहिल्यांदाच पाहून राहिलो." थट्टा करत होते, कारण चौथरा परत येणार होता.

फेब्रुवारीत खोकं आलं. नवंकोरं, तपकिरी, आमचं नव्हे. मी कात्रीनं उघडलं. आत मशीन होतं, आणि त्याच्याभोवती हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक गुंडाळलेलं. मी ते सगळं ओढून काढलं. खोकं उलटं करून झटकलं. त्यातून एक पांढरा दाणा पडला नाही. मशीन मात्र झकास चालत होतं. नंदाबाई टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मला ते मशीन उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. गरज सरो, वैद्य मरो.

घरी सांगितलं. देवीदास म्हणाले, "मशीन चालते ना?"

"चालते."

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी ते विहारातून घुमट घेऊन आले. तो कपाटावर ठेवला. त्यानंतर संध्याकाळी बाहेर पडले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पाय दुखून राहिला. तीन-चार दिवसांनी मी कामावरून आले तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि हातावर गमछा होता.

झटका आला त्या दिवशी मी घाबरले नव्हते. तेव्हा पळापळ होती, गाडी, दवाखाना, औषधं. घाबरायला फुरसत नव्हती. तो गमछा पाहिला आणि मी घाबरले. पहिल्यांदा हा माणूस तळातून वर आला तेव्हा माझ्या हातात थर्माकोल होतं. दुसऱ्यांदा माझ्याकडे काय होतं?

नागपूरला फोन लावले. एक बाई गोड आवाजात सांगायची, "मॅडम, पॅकिंग मटेरियल की एंट्री नहीं होती." मी तिला म्हटलं, तुमच्याकडे ज्याची एंट्री होत नाही ते कोणाचं काहीच नसतं का? तिनं मला वाट बघायला सांगितलं आणि फोनवर गाणं लावून दिलं. मी लोकेशला धरलं. खरं सांगायचं तर लोकेशची यात काही चूक नव्हती, आणि तरी तोच धावला. वर्कशॉपमध्ये गेला, पॅकिंगवाल्या माणसांना विचारत फिरला. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"मॅडम, सापडलं. तुमच्यासारखंच मशीन सालेकशाच्या एका संस्थेचं होतं, त्याच हप्त्यात दुरुस्त झालेलं. त्यांचं पॅकिंग रस्त्यातच फुटलं होतं. यांनी तुमचं थर्माकोल त्याला लावून पाठवून दिलं. पॅकिंगवाल्याला याद आहे. बोलला, वो डिझाइनवाला? आतलं लिहिलेलं कोणी वाचलंच नाही. मशीन वरून बसवलं की दिसत नाही ना."

माझंच शहाणपण. आत लिहिलं होतं.

सालेकसा आमच्याच जिल्ह्यात, पण आम्ही एका टोकाला आणि ते दुसऱ्या. मी देवीदासांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "मी कायले? तूच आण."

"मी एकटी आणू? गाडीत कोणी पाय दिला, कमान मोडली, तर मग माझ्या नावानं बसाल. तुमचं काम आहे, तुम्हीच सांभाळून आणा."

कमान मोडेल याची त्यांना खरंच काळजी वाटली असावी. आले. आजारानंतर केशोरीच्या बाहेर पहिल्यांदा. पहाटेची बस धरून अर्जुनी, तिथून रेल्वेनं गोंदिया, गोंदियाला गाडी बदलून डोंगरगडकडची पॅसेंजर. सगळा रस्ता त्यांचा हात गमछ्याखाली होता. आमगाव सुटल्यावर जंगल दिसायला लागलं. मोहफुलांचे दिवस होते. डब्यात एक म्हातारी टोपलीभर मोहफुलं घेऊन बसली होती आणि सगळ्या डब्याला तो गोड वास. तिनं देवीदासांकडे बघून विचारलं, "हाथ को क्या हुआ भाऊ?" मी उत्तर देणार होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुछ नहीं."

सालेकशाच्या त्या संस्थेत श्यामलाल नावाचे एकच कारकून होते, निवृत्तीला आलेले. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे जरा वरच्या आवाजातच सांगितलं. गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. पण ते गृहस्थ उठले, पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले, स्टुलावर चढले आणि कपाटावरचं खोकं उतरवलं. खोक्याला सुतळी बांधलेली, वर धूळ बसू नये म्हणून खताचं पोतं पांघरलेलं.

"करार में लिखा है ना मॅडम, खोका संभाल के रखो. तो रख दिया." त्यांनी गाठ सोडली. "और ये देख के तो मैंने सबको बुलाया. बोला, देखो, कंपनी ने नया डिझाइन निकाला. लेकिन एक बात समझ में नहीं आई. जो चीज खोके के अंदर रहनेवाली है, उसको इतना सुंदर कायको बनाया?"

देवीदास पुढे झाले. त्यांनी डाव्या हातानं एक साचा बाहेर काढला, टेबलावर ठेवला. सगळ्या कमानी होत्या. एक कोपरा दबलेला, जाळीत थोडी धूळ, एवढंच. दुसरा साचा त्यांनी त्याला भिडवून उभा केला.

"अरे!" श्यामलाल म्हणाले. दोन्ही जोडलेले त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. "ये तो नागपूरवाला... दीक्षाभूमी?"

"पायवा आहे," देवीदास म्हणाले. "वरचा घुमट घरी आहे."

"आपने बनाया?"

देवीदासांनी मान हलवली.

श्यामलाल कमानींवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, न्या, तुमचं आहे. मी जोरात होकार भरला आणि खोकं आपल्याकडे ओढलं. पण देवीदासांचं लक्ष कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे होतं.

"मशीन कशी आली?" त्यांनी विचारलं.

"एकदम बढिया. एक खरोंच नहीं. इसके पहले एक बार बोरे में लपेट के भेजी थी, तो ढक्कन टूट के आया. यहाँ तो भाऊ लाइट का भरोसा नहीं, साल में दो बार मशीन नागपूर जाती है." ते थोडे ओशाळले. "अगली बार देख लेंगे कुछ. आप ले जाइए."

देवीदासांनी दबलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला. बराच वेळ. मग त्यांनी एक साचा उचलून खोक्यात ठेवला, दुसरा त्याच्यावर ठेवला, आणि श्यामलालना म्हणाले, "सुतळी बांधा."

"हो, बांधा," मी म्हटलं, "गाडीत न्यायला सोपं जाईल."

"न्यायचं नाही. इथंच राहू दे."

माझा तोल गेला. श्यामलालसमोरच गेला. म्हटलं, पहाटेपासून दोन गाड्या बदलून धक्के खात इथवर कशाला आलो आपण? महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडला होतात ते कशासाठी? मला काही वाटत नाही का? रोज घरात येते तर भीती वाटते मला. आणि हातात आलेलं तुम्ही परत खोक्यात घालता?

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले वाटलं फेकलं, नीला. कचऱ्यात गेलं वाटलं मले. कामाचं नव्हतं म्हणून फेकलं."

मी खोक्यावरचा हात काढला.

"फेकलं नाही ना. पाहून राहिली ना तू? मशीन सांभाळून आणली त्यानं. पायवा पक्का निघाला." आणि श्यामलालकडे वळून म्हणाले, "कोपऱ्यावर दाब देऊ नका. सुतळी मधून न्या."

आम्ही रिकाम्या हातांनी परतीची गाडी धरली. गोंदियाला उतरल्यावर आमची अर्जुनीची गाडी यायला वेळ होता. मी बाकड्याकडे वळले, तर हे काठी टेकत पुलाकडे निघालेले.

"आता कुठं?"

"बाजारात. टीव्हीची दुकानं आहेत ना इथं? मोठ्या टीव्हीचं थर्माकोल जाड रायते. यावेळी कमानी खोल घ्याच्या आहेत. मागच्या वेळी मशीनची जागा सोडली म्हणून उथळ झाल्या."

"अहो, गाडी चुकेल."

"चुकन तं चुकन. चौदा एप्रिल काय आपल्यासाठी थांबून राहिला?"

दुकानदार सिंधी होता, त्याला वाटलं आम्ही टीव्ही घ्यायला आलो. नुसतं थर्माकोल पाहिजे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण मागच्या खोलीतून त्यानं चार मोठे तुकडे आणून दिले. माझ्या छातीएवढे उंच. ते रस्त्यावर ठेवून आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत उभे राहिलो. चार तुकडे, हात माझे दोन आणि त्यांचा एक, त्या एकात काठी. वारा सुटलेला.

"दोरी माग त्याले," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं तर दुकानदारानं शटर अर्धं ओढलं होतं. आता याला कुठं पुन्हा विचारू, असं मी म्हणत होते. तेवढ्यात देवीदासांनी काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातानं उजव्या हातावरचा गमछा ओढला. भर बाजारात. तो हात उघडा पडला, वाळलेला, बोटं आत वळलेली. शेजारच्या पानठेल्यावरची माणसं बघत होती. त्यांनी बघू दिलं.

"हे घे," गमछा माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "यानं बांध. गच्च बांध, सुटला नाही पायजे."

मी खाली बसून बांधायला लागले. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून गाठ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नीट बसली.